टेनिस सामन्यासाठी प्रेडिक्शन मार्केट निवडताना: आधी नियम, मग भाव

एकाच सामन्यावर तीन ठिकाणी तीन आकडे दिसतात. एकीकडे ६१ सेंट, दुसरीकडे ६२ सेंट, तिसरीकडे १.६२ असा दशांशातला दर. बहुतेक जण ६१ वर बोट ठेवून मोकळे होतात. टेनिसमध्ये ही घाई महागात पडते, कारण हे तीन आकडे एकाच मालाचे भाव नसतात. खेळाडू दुखापतीमुळे मध्येच बाहेर पडली तर एका ठिकाणी पैसे परत मिळतात, दुसऱ्या ठिकाणी बुडतात. कुठे कमिशन फक्त नफ्यावर लागतं, कुठे सौदा करतानाच कापून घेतलं जातं. म्हणून तुलनेचा क्रम उलटा ठेवायचा आणि भाव नियमांनंतर बघायचा.

प्रेडिक्शन मार्केट म्हणजे अंदाजांचा बाजार ज्यांना नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘अमुक खेळाडू जिंकेल’ असा एक कॉन्ट्रॅक्ट असतो. ते खरं ठरलं तर त्याचा १ डॉलर मिळतो, खोटं ठरलं तर काहीच नाही. भाव ६१ सेंट असेल तर बाजाराच्या मते जिंकण्याची शक्यता साधारण ६१ टक्के आहे. समोर बुकी नसतो. तुमच्यासारखंच कुणीतरी ३९ सेंट मोजून ‘नाही’ची बाजू घेत असतं आणि व्यासपीठ मध्ये बसून शुल्क घेतं. दर दशांशात असेल तर १ ला त्याने भागायचं: १ भागिले १.६२ म्हणजे ०.६१७, अर्थात ६१.७ टक्के. तुलनेला बसाल तेव्हा सगळे आकडे आधी टक्क्यांत आणून ठेवा. नाहीतर ६१ आणि १.६२ यांत स्वस्त कोण हेच कळत नाही.

पायरी १: कोणाशी गाठ आहे ते ओळखा

टेनिसवर सौदे करता येणारी व्यासपीठं ढोबळमानाने चार प्रकारची आहेत.

काल्शी हे अमेरिकेतलं नियंत्रित एक्स्चेंज. वायदेबाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या सीएफटीसीने त्याला २०२० मध्ये मान्यता दिली, प्रत्यक्ष व्यवहार २०२१ मध्ये सुरू झाले आणि हिशेब सरळ डॉलरमध्ये होतो. पॉलिमार्केटही २०२० चंच, पण त्याची उभारणी पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर आणि डॉलरशी बांधलेल्या यूएसडीसी या डिजिटल नाण्यावर झाली. बेटफेअर २००० साली लंडनमध्ये सुरू झालं. त्याला कुणी प्रेडिक्शन मार्केट म्हणत नाही, बेटिंग एक्स्चेंज म्हणतात. पण यंत्रणा तीच: एक जण बाजूने पैसे लावतो, दुसरा विरुद्ध बाजू घेतो. टेनिसपुरता सर्वात जुना अनुभव याच गटाकडे आहे, म्हणून तुलनेतून त्याला वगळू नये. चौथा प्रकार मॅनिफोल्डसारखा. तिथे ‘माना’ नावाचं खेळण्यातलं चलन वापरून अंदाज लावता येतात. त्याची टिंगल होते, पण शिकणाऱ्याला तीच जागा सोयीची आहे. नावावरून फसून प्रेडिक्टइटकडे मात्र जाऊ नका. तो राजकारणाचा बाजार आहे, तिथे टेनिस मिळणार नाही.

पायरी २: तुम्हाला तिथे कायदेशीर प्रवेश आहे का

हा प्रश्न कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक तो खातं उघडल्यावर विचारतात. तोवर पैसे आत अडकलेले असतात.

सीएफटीसीने जानेवारी २०२२ मध्ये पॉलिमार्केटला १४ लाख डॉलरचा दंड केला आणि त्यानंतर अमेरिकी वापरकर्त्यांसाठी ते बंद झालं. परत येण्यासाठी कंपनीने २०२५ मध्ये एक परवानाधारक एक्स्चेंज विकत घेतलं. फ्रान्स आणि सिंगापूरमध्ये पॉलिमार्केटवर निर्बंध आले. अमेरिकेत काल्शीला केंद्रीय मान्यता असली तरी खेळांवरचे कॉन्ट्रॅक्ट म्हणजे जुगारच, असं म्हणत काही राज्यं तिच्याशी न्यायालयात भांडत आहेत. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. तात्पर्य काय, तर तुम्ही जिथे राहता तिथला कायदा आणि व्यासपीठाची मनाई असलेल्या देशांची यादी, दोन्ही तपासल्याशिवाय पुढची पायरी नाही.

व्हीपीएन (इंटरनेटवर आपलं ठिकाण लपवणारी सोय) लावून आत शिरता येतं, असा सल्ला हमखास मिळतो. पैसे भरताना ते जमतंही. अडचण पैसे काढताना येते, कारण ओळखपत्राची तपासणी बहुधा तेव्हाच होते आणि नियम मोडल्याचं कारण दाखवून खातं गोठवायचा अधिकार त्यांच्या अटींतच लिहिलेला असतो. वाट बंद असेल तर मानावर खेळा, किंवा नुसते अंदाज वहीत लिहा. या लेखातलं जवळजवळ सगळं गणित तसंही करता येतं.

पायरी ३: निकालाचे नियम शब्दन् शब्द वाचा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. फुटबॉलचा सामना घड्याळावर चालतो, पूर्ण न होणारे सामने क्वचितच. टेनिसमध्ये एका माणसाचा घोटा मुरगळला की सामना संपला. माघार, वॉकओव्हर, पाऊस, अपात्रता या गोष्टी इथे रोजच्या आहेत आणि प्रत्येक व्यासपीठ त्यांचा हिशेब आपल्या पद्धतीने करतं.

उदाहरण म्हणून ६ सप्टेंबर २०२०, यूएस ओपनची चौथी फेरी घ्या. नोव्हाक जोकोविच विरुद्ध पाब्लो कारेन्यो बुस्टा. पहिल्या सेटमध्ये जोकोविच ५-६ असा मागे होता. त्याने वैतागून मागे मारलेला चेंडू रेषापंच महिलेच्या गळ्यावर लागला आणि त्याला अपात्र ठरवण्यात आलं. पहिला सेट पूर्ण झालेला नव्हता. आता दोन नियम शेजारी ठेवा. बेटफेअरचा टेनिसचा नियम असा की माघार किंवा अपात्रतेच्या वेळी किमान एक सेट पूर्ण झाला असेल तर पुढच्या फेरीत जाणारा खेळाडू विजेता. एकही सेट पूर्ण नसेल तर सामन्यावरचे सगळे सौदे रद्द. दुसरा, बऱ्याच ठिकाणी दिसणारा नियम असा की एक चेंडू जरी खेळला गेला तरी पुढे जाईल तो विजेता. पहिल्या नियमाखाली जोकोविचवाल्यांना पैसे परत. दुसऱ्याखाली त्यांचं सगळं गेलं आणि कारेन्यो बुस्टावर पैसे लावणाऱ्यांना पूर्ण डॉलर. सामना एकच, निकाल एकच, हिशेब दोन टोकांचे.

याचा भावावरही परिणाम होतो. एखादी खेळाडू मांडीला पट्टी बांधून खेळत असेल तर ‘एक चेंडू पुरे’ नियमाच्या बाजारात तिचा भाव ‘एक सेट हवा’ नियमाच्या बाजारापेक्षा कमीच असायला हवा. पहिल्या बाजारात ६१ आणि दुसऱ्यात ६२ दिसत असेल, तर तो एक सेंटचा फरक म्हणजे स्वस्ताई नसून जास्तीच्या जोखमीची किंमत असू शकते. दुखापतीच्या बातम्यांच्या दिवशी तर मी हा फरक सरळ नियमांचाच धरतो.

सामना सुरूच झाला नाही तर काय, हा पुढचा प्रश्न. कुठे पैसे परत मिळतात. कुठे ‘५०-५०’ असा निकाल लागतो, म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्येकी ५० सेंट. ऐकायला हा नियम समतोल वाटतो, पण ८५ सेंटला घेतलेल्या कॉन्ट्रॅक्टचे ५० सेंट हातात पडले की ३५ सेंटचा खड्डा. उलट १५ सेंटवाल्याला फुकट ३५ सेंट. म्हणून ५०-५० चा नियम असलेल्या बाजारात जोरदार दावेदारावर आदल्या दिवशी पैसे लावण्यात माघारीची एक छुपी जोखीम असते. ती टाळायची तर खेळाडू कोर्टवर सरावाला उतरेपर्यंत थांबायचं. कुठे शेवटचा योग्य भाव काढून त्यावर हिशेब मिटवतात. तो ‘योग्य’ भाव कोण आणि कसा ठरवतो हेही वाचून ठेवा.

मग लांबलेले सामने. जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा २०१० च्या विम्बल्डनमधला सामना २२ ते २४ जून असा तीन दिवस चालला, ११ तास ५ मिनिटं, शेवटचा सेट ७०-६८. आता चारही ग्रँडस्लॅममध्ये निर्णायक सेट १० गुणांच्या टायब्रेकने संपतो, त्यामुळे ते पुन्हा घडणार नाही. पाऊस मात्र अजून पडतोच. सामना दुसऱ्या दिवशी गेला तर सौदा कायम राहतो का, किती दिवसांपर्यंत राहतो, ही मुदत शोधा. पात्रता फेरीतून हरलेली खेळाडू लकी लूझर म्हणून ऐनवेळी बदली आली तर जुना बाजार बंद होतो की तसाच चालतो, हेही त्याच पानावर सापडतं.

शेवटी एक कलम असतं ज्याकडे कुणी बघत नाही: व्यवहार संशयास्पद वाटले तर सगळे सौदे रद्द करण्याचा व्यासपीठाचा अधिकार. ऑगस्ट २००७ मध्ये पोलंडमधल्या सोपोट इथे निकोलाय डेव्हिडेंको आणि मार्टिन व्हासालो अर्ग्वेयो यांच्यात सामना झाला. डेव्हिडेंकोने पहिला सेट जिंकला तरी बेटफेअरवर पैसा त्याच्या विरुद्धच ओतला जात होता. तिसऱ्या सेटमध्ये त्याने दुखापतीमुळे माघार घेतली. बेटफेअरने जवळपास ७० लाख डॉलरचे सौदे रद्द केले. एटीपी या पुरुष टेनिसच्या संघटनेने चौकशी करून २००८ मध्ये दोन्ही खेळाडूंना निर्दोष ठरवलं, पण सौदे रद्द ते रद्दच. छोट्या स्पर्धांमध्ये ही शक्यता जास्त असते. बक्षिसाची रक्कम तुटपुंजी आणि प्रेक्षक मोजके असतात, त्यामुळे सामना विकत घेणं स्वस्त पडतं. टेनिसच्या सचोटीसाठी आयटीआयए ही स्वतंत्र संस्था २०२१ पासून काम करते. तिने केलेल्या कारवायांची यादी वाचली की खालच्या पातळीवरच्या सामन्यांपासून लांब राहावंसं वाटतं. मी राहतो.

पायरी ४: खरा भाव काढा

नियमांत सारखी असलेली व्यासपीठं निवडून घेतली की मग गणित. वरचेच तीन आकडे घेऊ आणि व्यासपीठांना क, ख, ग म्हणू.

क वर भाव ६१ सेंट. शुल्काचं सूत्र काल्शीच्या सर्वसाधारण सूत्रासारखं: ०.०७ गुणिले भाव गुणिले (१ वजा भाव). म्हणजे ०.०७ × ०.६१ × ०.३९, अर्थात १.६७ सेंट. एकूण खर्च ६२.६७ सेंट. या सूत्राची गंमत अशी की ५० सेंटच्या आसपास शुल्क सर्वाधिक, १.७५ सेंट, आणि ९० सेंटला फक्त ०.६३ सेंट. अटीतटीचे सामने इथे महाग पडतात, एकतर्फी स्वस्त.

ख वर दर १.६२ आणि नफ्यावर ५ टक्के कमिशन. १०० लावून जिंकलात तर नफा ६२, त्यातून ३.१० वजा, हातात ५८.९०. खरा दर १.५८९, म्हणजे ६२.९ टक्के. कमिशन २ टक्के असेल तर हाच आकडा ६२.२ वर येतो. म्हणून एक्स्चेंजचा ‘बेस’ दर बघून थांबू नका, तुमच्या खात्याला लागू होणारा दर शोधा.

ग वर भाव ६२ सेंट, सौद्यावर शुल्क शून्य, पण पैसे डिजिटल नाण्यात आणायला १ टक्का आणि परत बँकेत न्यायला १ टक्का खर्च येतो असं समजू. ६२ चे झाले ६२.६२ आणि जिंकल्यावर १ डॉलरचे ९९ सेंट. भागाकार केला की ६३.२५.

आता क्रम बघा. पडद्यावर सगळ्यात स्वस्त क, मग ख, मग ग. प्रत्यक्षात पैसे आधीच ग वर पडून असतील आणि तिथेच राहणार असतील तर ग स्वस्त: ६२ वर ६२. पैसे नव्याने आणून सामन्यानंतर काढून घ्यायचे असतील तर तोच ग सगळ्यात महाग. म्हणजे ‘कुठलं व्यासपीठ स्वस्त’ याचं उत्तर तुमचे पैसे कुठे आहेत आणि तुम्ही किती सौदे करणार यावरही अवलंबून आहे. महिन्याला एखादा सामना खेळणाऱ्याने आणि रोज खेळणाऱ्याने एकच तक्ता वापरू नये.

शुल्काचे नियम या धंद्यात वारंवार बदलतात. काल शून्य होतं म्हणून आजही शून्य असेल असं धरू नका. सौदा पक्का करण्याआधीच्या पडद्यावर जो आकडा दिसतो तोच हिशेबात घ्या.

आणखी एक बारकावा. काही ठिकाणी दोन्ही खेळाडूंचे कॉन्ट्रॅक्ट वेगवेगळे असतात. मग ‘दुसरी जिंकेल, हो’ आणि ‘पहिली जिंकेल, नाही’ या एकाच अर्थाच्या दोन वस्तू वेगळ्या भावात मिळू शकतात. दोन्ही पानं उघडून बघायला दहा सेकंद लागतात.

पायरी ५: त्या भावात किती माल आहे

६१ हा आकडा वरच्या ओळीचा असतो. खाली ऑर्डर बुक उघडा, म्हणजे कुठल्या भावाला किती कॉन्ट्रॅक्ट मिळतात त्याची यादी. समजा ६१ ला २०० कॉन्ट्रॅक्ट आहेत, ६२ ला ३०० आणि पुढचे थेट ६४ ला. तुम्हाला १००० हवेत. २०० × ६१, ३०० × ६२ आणि ५०० × ६४ मिळून सरासरी ६२.८ सेंट पडते, तीही शुल्काआधी. ५० कॉन्ट्रॅक्ट घेणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही, १००० वाल्याचा सगळा फायदा यातच जिरेल. म्हणून स्वतःचा नेहमीचा आकडा ठरवून त्या आकड्याला भाव काढा आणि मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला घेणं) न देता लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावापेक्षा जास्त न देणं) द्या.

ग्रँडस्लॅमच्या उपांत्य सामन्याला सगळीकडे गर्दी असते. लहान स्पर्धेच्या पहिल्या फेरीत घेणारा आणि देणारा यांच्या भावांत पाच-सहा सेंटचं अंतर पडलेलं दिसतं, आणि त्या वेळी शुल्काची तुलना करत बसणं फिजूल आहे. सामना संपण्याआधी बाहेर पडायचा विचार असेल तर हे अंतर दोनदा मोजावं लागतं. शिवाय प्रत्येक सौद्यावर शुल्क घेणाऱ्या ठिकाणी ते येताना आणि जाताना दोन्ही वेळा लागतं. नफ्यावर कमिशन घेणाऱ्या एक्स्चेंजवर मात्र त्या बाजारातला निव्वळ नफाच धरतात, त्यामुळे मधूनच बाहेर पडणाऱ्यांना ती पद्धत बहुधा परवडते.

पायरी ६: सामना चालू असताना

थोडक्यात सांगायचं तर घरून बघत असाल तर चालू सामन्यात उतरू नका. पंच खुर्चीवरून गुण नोंदवतात, तो आकडा डेटा घेणाऱ्यांकडे लगेच पोचतो आणि तुमच्या पडद्यावर तोच चेंडू काही सेकंदांनी पडतो. ब्रेक पॉइंटवर तुम्ही जो स्वस्त भाव बघून हरखता, तो गुण आधीच संपलेला असतो. काही व्यासपीठं चालू सामन्यात ऑर्डर काही सेकंद रोखून धरतात. चिडचिड होते, पण मंद जोडणीवाल्यांना वाचवणारी तीच सोय आहे. तुलनेत तिला दोष नव्हे, गुण समजा.

आधी लावून ठेवलेल्या लिमिट ऑर्डरचं काय होतं हेही बघा. पॉलिमार्केटवर खेळांच्या बाजारातल्या पूर्ण न झालेल्या लिमिट ऑर्डर सामना सुरू होताना आपोआप रद्द होतात, पण सामना ठरल्या वेळेआधी सुरू झाला तर त्या वेळेत रद्द होतीलच असं नाही. टेनिसमध्ये वेळ हा प्रकारच लवचीक. कोर्टवरचा आधीचा सामना कधी संपेल तेव्हा तुमचा सुरू. आपली ऑर्डर आपणच काढून घ्यावी हे बरं.

पायरी ७: पैसे बाहेर येतात का

मोठी रक्कम भरण्याआधी छोटी रक्कम भरा आणि एकही सौदा न करता ती परत काढून बघा. किती दिवस लागले, किती कापले, कोणते कागद मागितले, ते कळतं. कुठे सौदा न करता पैसे काढायलाही शुल्क असतं. तेही इथेच उघड होतं.

निकाल लागल्यावर पैसे कधी जमा होतात यातही फरक आहे. एक्स्चेंज स्वतः निकाल जाहीर करतं आणि साधारणपणे लवकर मोकळं होतं. पॉलिमार्केटच्या बऱ्याच बाजारांत यूएमए नावाची यंत्रणा असते: कुणीतरी अनामत ठेवून निकाल सुचवतो, आक्षेप घ्यायला दोन तासांची मुदत मिळते, आक्षेप आले तर यूएमएचे टोकनधारक मतदान करतात. साध्या विजयात कुणी आक्षेप घेत नाही. अर्धवट सामन्यात घेतात, आणि मग तुमचे पैसे तेवढे दिवस अडकतात.

खातं उघडताना भरण्याची मर्यादा आणि स्वतःला काही काळ बंद करून घ्यायची सोय आहे का तेही पाहा. असेल तर पहिल्याच दिवशी लावून टाका, हरल्यावर लावायला हात जात नाही.

पायरी ८: तुमचा स्वतःचा आकडा

एवढं करूनही तुमच्याकडे स्वतःचा अंदाज नसेल तर तुम्ही फक्त कमी शुल्कात हरायची जागा शोधली. सुरुवातीला इलो गुणांकन पुरेसं आहे, म्हणजे जिंकण्या-हरण्यावरून प्रत्येक खेळाडूला दिलेले ताकदीचे गुण. त्याच्या सूत्रात १०० गुणांचा फरक म्हणजे सुमारे ६४ टक्के शक्यता. त्यात कोर्टचा पृष्ठभाग, आदल्या दिवशी किती तास खेळली, आणि सामना तीन सेटांचा की पाच, एवढं मिसळा. पुरुषांच्या ग्रँडस्लॅममध्ये पाच सेट असतात, त्यामुळे तिथे चांगल्या खेळाडूला पहिला सेट गमावूनही सावरायला वाव मिळतो.

समजा तुमचा आकडा ६४ आला. पैसे आधीच ग वर असतील तर ६२ वजा होऊन २ सेंट उरतात, क वर १.३३, ख वर १.१ च्या आसपास, आणि ग वर पैसे नव्याने आणणार असाल तर पाऊण सेंट. माझ्या मते दोन सेंटपेक्षा कमी उरत असेल तर सामना सोडून द्यावा, कारण स्वतःच्या अंदाजातली चूकच त्याहून मोठी असते.

प्रत्येक सौद्याची नोंद ठेवा: तुमचा आकडा, बाजाराचा भाव, शुल्कासह पडलेला भाव, निकाल. निकाल १ किंवा ० धरून त्यातून तुमचा आकडा (६४ टक्के म्हणजे ०.६४) वजा करा, वर्ग करा आणि सगळ्या सामन्यांची सरासरी काढा. हाच ब्रायर स्कोअर, जितका कमी तितका चांगला. बाजाराच्या भावाचाही असाच काढा. शंभरेक सामन्यांनंतर बाजाराचा स्कोअर तुमच्यापेक्षा कमी दिसत असेल तर मानावर परत जा. नोंदीबरोबर त्या दिवशीच्या नियमांच्या पानाचं आणि सौद्याच्या पडद्याचं चित्र तारखेसह जपून ठेवा. वाद झाला तर आधार तोच, कारण ती पानं नंतर बदलली जाऊ शकतात.